नागिणीची कळ

नागीण बरी होऊन वर्ष लोटलं, तरी बाळासोच्या बरगडीतली कळ हटेना. साधा सदरा अंगाला लागला तरी निखारा टेकल्यागत व्हायचं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कण्याजवळ, नसेत इंजेक्शन घ्यायचं सुचवलं आणि 'विचार करून सांगा' म्हटलं, तेव्हापासून तो दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. सदरा चिमटीत धरून, अंगापासून लांब. बाकावर टेकायचा, की लगेच उठायचा.

बायको, पारूबाई, वैतागली. "सुईला भ्यालासा व्हय?"

तो तडक आत गेला.

"डॉक्टर, ह्याचा गुण किती दिस टिकतोय?"

"नक्की सांगता येत नाही. कुणाला काही महिने, कुणाला जेमतेम आठवडा."

"आठवड्यापायी कण्यात सुई कशाला खुपसून घ्याची?" मागोमाग आलेली पारूबाई म्हणाली. "चला घरला."

बाळासोनं सदऱ्याची बटणं काढायला घेतली.

"आठवडा रग्गड हाय. ऐतवारी दीक्षाचं लगीन. सासरला निघताना पोरगी गळ्यात पडंल, तवा मला अंग चोरायचं न्हाय."