सत्तेचाळीस नंबरची टाकी

मॅडमनी समितीचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावर पालथं घातलं.

"दावा मागे घ्यायचा," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी कळवून टाकते."

टाकीवाले काका फडक्यांची बादली घेऊन दारात उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि निघून गेले.

काकांच्या नेमणुकीच्या कागदावर 'क्षेत्र सहायक' असं भारदस्त पद होतं. प्रत्यक्षात त्या उघड्या माळावर दीड-दीड किलोमीटरवर पाण्यानं भरलेल्या साठ बंद टाक्या होत्या, आणि काका अकरा वर्षं जीपनं फिरून त्यांच्या सोलर पॅनेलवरची धूळ आणि पाखरांचे प्रताप पुसत होते. मॅडम त्याच टाक्यांच्या भरवशावर एका कणाची वाट बघत होत्या. सूर्यमालेच्याही पलीकडून, नेमका कुठून ते कुणालाच ठाऊक नाही, वैश्विक किरणांतला एखादा कण सुसाट येतो आणि वरच्या हवेवर आपटतो. त्याच्या ठिकऱ्यांची सर मैलोन्‌मैल जमिनीवर पडते. ती टाकीतून गेली की पाण्यात क्षणभर बारीक उजेड होतो आणि सेन्सर तो टिपतो. किरकोळ कण रोजच पडतात, त्यांची टाक्या दखलही घेत नसत. मॅडमना हवा होता तेवढ्या ताकदीचा कण त्या माळावर एका माणसाच्या नोकरीत एकदा आला तरी नशीब.

काकांच्या बायकोला या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. रोज रात्री पान वाढताना ती विचारायची, "आले का हो तुमचे पाहुणे?"

आणि गेल्या महिन्यात पाहुणे खरंच आले. मंगळवारी, भर दुपारी, दोन वाजून एकवीस मिनिटांनी. अठरा टाक्या एकाच क्षणी उजळल्या. त्या दिवशी मॅडमनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा डबा न उघडता घरी नेला. एवढ्या जोराचा कण कुणी क्वचितच पाहिला असेल. त्यांच्या निवृत्तीला अडीच महिने उरले होते, म्हणून कण सापडल्याचा दावा त्यांनी लगेच तपासणी समितीकडे पाठवला.

घोळ एकच झाला. त्या अठरा टाक्यांच्या बरोबर मधोमध सत्तेचाळीस नंबरची टाकी होती, आणि ती ढिम्म. सगळं अंगण भिजलं आणि मधली फरशी तेवढी कोरडी, असं कसं, असं समितीनं विचारलं होतं. टाकी त्या वेळी चालू असल्याची नोंद तुम्हीच पाठवली आहे. चालू टाकीला काही दिसलं नसेल, तर बाकीच्या अठरांना दिसलं ते खरं कशावरून?

त्या रात्री काकांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला नाही. बायकोनं दोनदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

"सत्तेचाळीस म्हणजे तीच ना," ती म्हणाली, "माझा पंखा लावून जिच्या सावलीत झोपला होतात?"

"तीच."

"मग सांगितलंत का बाईंना?"

"एकोणीस वर्षांची वाट माझ्या एका डुलकीनं पाण्यात घातली, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं घोरत होतात, त्याच."

काका हसले नाहीत. मग तीही हसली नाही. तिनं ताटं उचलली, पुसलेल्या जागेवर वही आणून ठेवली, आणि म्हणाली, "बोलायला जमत नसेल तर लिहून द्या. अक्षर तेवढं नीट काढा."

सकाळी आठच्या आत काका मॅडमच्या खोलीत होते. त्यांनी कागद पुढे केला. मॅडमनी तो उभ्यानंच वाचला.

'गेल्या महिन्यातील त्या मंगळवारी उष्मा असह्य झाल्याने टाकी क्र. ४७ च्या सावलीत आडवा झालो. बॅटरीच्या पेटीत प्लग एकच असल्याने सेन्सरची वायर काढून घरचा छोटा पंखा लावला. वेळ दोन ते पावणेतीन. या अक्षम्य चुकीबद्दल क्षमा असावी. नोकरीबाबत आपण योग्य तो निर्णय घ्यावा.'

मॅडम खुर्चीत बसल्या. "पण टाकी चालू असल्याची नोंद आहे, काका."

"बॅटरी आहे म्हटल्यावर ती 'चालू' म्हणूनच कळवते, मॅडम. सेन्सर जागा आहे की नाही, हे तिला काय कळणार?"

मॅडमनी कॉम्प्युटर उघडला. त्या दिवसाची सत्तेचाळीस नंबरच्या बॅटरीच्या व्होल्टेजची रेघ काढली. रेघ सकाळपासून सरळ चालली होती. दोन वाजता ती खाली गेली होती आणि पावणेतीनला सावरली होती. एवढ्याशा खळग्याकडे आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मॅडम त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि तोच खळगा पुन्हा पहिल्यापासून बघितला.

काकांनी खिशातून जीपची किल्ली काढली. "ही कुणाकडे देऊ?"

मॅडमनी किल्लीकडे बघितलंही नाही. त्यांनी तो कागद काकांच्या पुढे सरकवला आणि त्यावर आपलं पेन ठेवलं.

"माफीची ओळ खोडा," त्या म्हणाल्या. "वेळ राहू द्या. हा कागद समितीला जायचाय."