टीव्हीची हाक

वाचा गेल्यापासून सासूबाईंना मला हाक मारायची झाली की त्या रिमोटनं टीव्हीचा आवाज वाढवायच्या. मी हातातलं टाकून धावायची. गेल्या महिन्यात त्या गेल्या. म्हटलं, आता तरी दुपारी पाठ टेकायला मिळेल.

कसली मिळतेय! बारीक आवाजात टीव्ही लावून डोळे मिटले की आवाज आपोआप चढतो.

धाकटे दीर टीव्ही दुरुस्त करतात. त्यांना फोन लावला.

"त्यालाही तुमची सवय लागली असेल, वहिनी," ते हसले. "रिमोटचं बटण अडकलं असणार. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बघा. डोळ्यांना न दिसणारा रिमोटचा उजेड त्यात जांभळा दिसतो."

फोन ठेवला, कॅमेरा उघडला, रिमोट समोर धरला. काही नाही. बटण अडकलेलं नव्हतं.

तेवढ्यात टीव्हीचा आवाज चढू लागला. हातातला रिमोट तसाच काळा. पण मोबाइलमध्ये, माझ्या दमलेल्या चेहऱ्यामागे, सासूबाईंच्या रिकाम्या खाटेवर जांभळा ठिपका लुकलुकत होता.

मी मागे वळले नाही.

"आले हो, आई," सवयीनं तोंडून निघून गेलं.

ठिपका विझला. आवाज उतरला. आणि मागे खाट करकरली, त्या सरकून मला बसायला जागा करून द्यायच्या तशी.