दुपारचा तेरडा

दुपारी दोन वाजता तो घरी आला आणि फाटकातच थबकला. भिंतीलगतच्या पाचही कुंड्यांतला तेरडा मान टाकून पडला होता. पानं चुरगळलेल्या रुमालासारखी झालेली, देठ वाकलेले, गुलाबी फुलं कुंडीच्या काठावरून खाली लोंबणारी.

छापखान्यातलं मोठं मशीन बंद पडलं म्हणून आज सगळ्यांना लवकर सोडलं होतं. एरवी तो सहाला येई, आणि सहाला हीच झाडं अशी तरारलेली असत की रस्त्याने जाणारे थांबून चौकशी करत. तेरडा खरा सावलीतला, पण ही नवी जात उन्हात चालते, असं नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. ते त्याने छापखान्यात इतक्यांदा ऐकवलं होतं, की जणू ही जात त्यानेच शोधून काढली होती. दुपारी मात्र त्याने ती झाडं कधी पाहिलीच नव्हती. रविवारी? रविवारी दुपारी साहेब पडदे ओढून घोरत असत.

"एवढं साधं काम हिला जमत नाही," तो पुटपुटला. बादली भरून आणली आणि सढळ हाताने पाचही कुंड्यांत ओतली. पाणी काठावरून वाहू लागलं. झाडं ढिम्म हलली नाहीत.

बायको स्वयंपाकघरात नुसत्या फरशीवर आडवी झाली होती. उशी नाही, चटई नाही. एक हात डोळ्यांवर, केस सुटलेले, शेजारी अर्धवट जेवलेलं ताट. तो घाईने तिच्याजवळ खाली बसला.

"अगं, काय झालं तुला?"

"काही नाही. दुपार आहे." तिने डोळ्यांवरचा हात काढला नाही. "तुम्ही कसे आत्ता?"

"मशीन बंद पडलं. बाहेर झाडं मेली सगळी. पाणी घालत नाहीस का त्यांना?"

"सकाळीच घातलंय."

"मी आत्ता बादलीभर ओतलं."

आता तिने हात काढला. "कशाला? आधी मातीत बोट घालून बघायचं. माती ओलीच असते. ऊन झेपत नाही म्हणून मान टाकतात ती, तहान नसते. वरून पाणी ओतलं की मुळं कुजतात."

"पण ही उन्हाची जात आहे ना?"

"उन्हात टिकते, असं म्हणाला होता तो. मजेत असते असं कुठे म्हणाला?"

आतल्या खोलीत चमचा ग्लासवर वाजला. त्याची आई. सहा महिने ती अंथरुणाला खिळून होती, आणि हाक मारायचा जोर नसल्यामुळे चमचा वाजवायची. "आले, आई," बायको म्हणाली, उठायला तिने हात टेकला आणि तशीच बसून राहिली.

"थांब, मी जातो."

आईला कूस बदलायची होती. त्याने खांदा ओढला तर पाय जागच्या जागी राहिले. पाय सरकवले तर आई कण्हली. "तुला नाही यायचं ते," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तिला बोलव. नको, राहू दे. पडू दे तिला जरा."

पण बायको आलीच होती. तिने एक गुडघा पलंगावर टेकवला, हात पाठीखाली घातला, "चला आई, एक, दोन," आणि आईला वळवलं. ओली चादर ओढून कोरडी घातली. तोपर्यंत तो उशी हातात घेऊन नुसता उभा होता.

"हे दिवसातून किती वेळा?"

"दर दोन तासांनी. रात्री दोनदा. तुमची झोप गाढ आहे."

ठरल्याप्रमाणे पुढचे सहा महिने आई बहिणीकडे जायची होती. पण बहिणीच्या घराचं काम निघालं होतं, आणखी सहा महिने ठेवशील का, असं तिने विचारलं होतं. आज संध्याकाळी तो फोनवर हो म्हणणार होता. बायकोला त्याने विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं, संध्याकाळी चहा पिताना. ती "बघू" म्हणाली होती आणि तेवढ्यावर त्याने ते पक्कं धरलं होतं. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो बाहेर गेला आणि एकेक कुंडी तिरकी करून जास्तीचं पाणी काढत बसला.

साडेपाचला ऊन भिंतीवरून उतरलं. आधी शेंडे उचलले गेले, मग पानं, मग फुलं. आत बायकोने तोंड धुतलं, केस विंचरले, साडी बदलली, चहाचं आधण ठेवलं. सहा वाजता ती रोजच्यासारखी हसऱ्या चेहऱ्याने दारात येऊन उभी राहिली. आज तो घरातच आहे, हे ती विसरली होती.

फोन वाजला.

"दादा, मग ठेवतोस ना आईला?"

"नाही गं. ठरलं तसं महिनाअखेरीला तू ने."

"अरे, अचानक काय झालं? वहिनी काही बोलली का? परवा मी येऊन गेले तेव्हा तर किती छान दिसत होती."

"ती काही बोलली नाही. तू किती वाजता आली होतीस?"

"सहा-साडेसहा असतील. का?"

त्याने कुंड्यांकडे पाहिलं. मग दाराकडे.

"उद्या दोनला ये," तो म्हणाला. "संध्याकाळी आमच्याकडे सगळं टवटवीतच असतं."