फ्रेंच माणूस जिंकेपर्यंत

उद्या आबाचा आवाज जाणार होता. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि पौडच्या बाजारपेठेतला सायकलवाला अलाउद्दीन अजून त्याच्याशी बोलला नव्हता. चाळीस वर्षांत बोलला नव्हता.

भांडण एका पंक्चरचं. पंच्याऐंशी सालच्या जूनमध्ये पौड ते माले सायकल शर्यत झाली. दोघं जिवलग मित्र. एकाची सायकल बिघडली तर दुसऱ्यानं थांबायचं, असं ठरलेलं. अलाउद्दीनचं चाक बसलं आणि आबा थांबला नाही. पहिला आला.

आबा तेव्हा मालेच्या शाळेत कारकून. शाळेत येणारा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. पुढच्या महिन्यात चहाच्या टपरीवर त्यानं मुद्दाम मोठ्यानं बातमी वाचली, की फ्रान्सची ती तीन आठवड्यांची मोठी सायकल शर्यत यंदाही फ्रेंच माणसानंच जिंकली. लागोपाठ पाचवं वर्ष. अलाउद्दीन कप ठेवून उठला.

"आता पुन्यांदा फ्रेंच माणूस जिंकंल ना, तवाच बोलीन तुज्याशी. अल्लाकसम!"

त्याचा बेत साधा होता. वर्षभर रुसायचं, आबाला जरा रडवायचं आणि पुढच्या जुलैत गळ्यात पडायचं. फ्रेंच काय, दरसाल जिंकायचेच.

पुढच्या जुलैत अमेरिकन जिंकला. मग आयरिश. मग स्पॅनिश.

अलाउद्दीन मुलखाचा हेकट. तोंडातून गेलेला शब्द परत घेईल तर शपथ! आबाही काही कमी नव्हता. कसम ज्यानं घेतली त्यानंच आधी बोलायचं, असं त्याचं म्हणणं. तरी सत्त्याऐंशीपासून तीन वर्षं दर पावसाळ्यात तो दुकानासमोर येऊन उभा राहायचा. पाच-दहा मिनिटं, काही न बोलता. फ्रेंच हरले म्हणून हा जखमेवर मीठ चोळायला येतो, असं वाटून अलाउद्दीन मान खाली घालून चाकाच्या तारा ताणत बसायचा. एकोणनव्वदला एक फ्रेंच गडी अवघ्या आठ सेकंदांनी हरला. त्या साली आबा आला, तेव्हा अलाउद्दीननं त्याच्या तोंडावर दुकानाचं दार ओढून घेतलं. त्यानंतर आबा आला नाही.

जुलै मात्र अलाउद्दीननं एकही सोडला नाही. आधी पेपर, मग टीव्ही, मग नातीचा मोबाईल. कुठला फ्रेंच घाटात ढेपाळतो, कुणाची मांडी दुखते, सगळं त्याला पाठ. एक पठ्ठ्या चौदा दिवस आघाडीवाल्याचा पिवळा सदरा घालून शेवटी पाचवा आला, तेव्हा अलाउद्दीन दोन दिवस नीट जेवला नव्हता. यंदा तर त्यानं जुम्म्याच्या नमाजात फ्रेंचांसाठी दुआ मागितली. पहिल्या तिघांत एकही फ्रेंच आला नाही.

"तीन रोजे धरा, कसम फिटंल," त्याची बायको रहिमतबी रोज सांगत होती. "तिकडं त्यो आबा मुका व्हायला निघालाय!"

"आन मग चाळीस वर्सं गप बसलो ते कशापायी?" अलाउद्दीन म्हणायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी अफिफा धावत दुकानात आली. ही त्याची नात, हिंजवडीला नोकरीला. तिनं मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

"दादा, फ्रान्सची तीच शर्यत, पण बायकांची. काल संपली. कोण जिंकलं बघा!"

पिवळ्या सदऱ्यातली एक बाई हात उंचावून हसत होती. फ्रेंच होती.

"ही बायांची हाय," अलाउद्दीन म्हणाला.

"तुम्ही कसम काय घेतली होती? फ्रेंच माणूस. गडी म्हणाला नव्हतात, पुरुष म्हणाला नव्हतात. बाईमाणूस माणूस नसतं का?"

एवढी साधी गोष्ट, आणि चाळीस वर्षांत अलाउद्दीनच्या डोक्यात आली नव्हती! त्यानं दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. माणूस. बाईमाणूस. मग तो एकदम रडायला लागला आणि रडता रडता हसायला लागला.

"गाडी काढ," तो म्हणाला. "त्यो दवाखान्यात जायच्या आत पोचीव मला."

स्कूटरवर मागे बसून तो मालेपर्यंत जुळवाजुळव करत होता. आधी काय बोलायचं, मग काय. आबाचं घर आलं तेव्हा त्यातलं काहीच आठवेना. आबा पडवीत खाटेवर बसला होता. गळ्याला उपरणं, शेजारी भरलेली पिशवी. त्याची बायको चंद्रकला अलाउद्दीनला पाहून दारातच थबकली.

"आबा," अलाउद्दीन म्हणाला.

चंद्रकलानं पदर तोंडाला लावला.

"आबा, फ्रेंच माणूस जिंकलं रं! बाईमाणूस! कालच!"

आबानं अफिफाचा मोबाईल हातात घेतला आणि फोटो पाहिला. अलाउद्दीन त्याच्या शेजारी टेकला, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. छाती आनंदानं भरून आली होती.

"लई वाट बघाया लावली ह्या फ्रेंचांनी," तो म्हणाला. "पर टायमावर आलो का न्हाई? बोल की गड्या. तुजा आवाज ऐकाया आलोय."

आबाचा घसा घरघरला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"बाईमाणूस... चालत हुतं व्हय?"

"चालतंय म्हंजे? माणूसच की ते!"

आबानं डोळे मिटले.

"सत्त्याऐंशीला फ्रेंच बाईच जिंकली हुती, अलाउद्दीन. अठ्ठ्याऐंशीलाबी. एकोणनव्वदलाबी. तवाच तर दुकानाम्होरं येऊन हुबा ऱ्हायचो. मला वाटलं, तुला ठावं हाय... आन तरी बोलायचं न्हाई."