नुसतं पाणी

वेइक्को ज्या चित्रकाराला देव मानायचा, तो हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या मधोमध बसून जलरंगात काठ रंगवायचा. म्हणून मार्चमध्ये आम्ही नवराबायकोही तिथंच स्टुलं टाकून बसलो. रंग कागदावर गोठू नये म्हणून पाण्यात व्होडका घालतात. ते काम माझं. पण रंग तळ्यासाठी कोऱ्या सोडलेल्या कागदावर ओघळायला लागला. “किती ओतलीस गं?” तो कुरकुरला. “तुझ्या देवाला विचार,” म्हणत मी घोटभर घ्यायला बाटली काढली. तिचं सील तसंच होतं. घालायलाच विसरले होते. नुसतं पाणी, तरी तासाभरात थेंबही गोठला नव्हता. दोघांनीही खाली पाहिलं. स्टुलांच्या पायांभोवती बर्फ राखाडी, ओलसर झाला होता. “उभी राहू नकोस,” वेइक्को हळूच म्हणाला. “पोटावर झोप, काठाकडे सरकत जा.” “आणि तू?” “मी जड आहे. तू पोचलीस की हाक मार.”