सिरसाळ्याला अडलेली गाडी

"ओढू नका! दांडी तुटली तर समदं रस्त्यावर," गाडीखालून जमील ओरडला, तसा सुरजनं हात मागं घेतला.

आत खिडकीशी बसलेल्या केसरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'समदं' म्हणजे काय, हे बाहेर जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गाडी म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी आणि मुख्य म्हणजे खुर्चीसारखा बसायचा संडास. केसरबाईंचे गुडघे वाकत नव्हते आणि जावं तर घटकाघटकाला लागायचं. त्यामुळं कितीतरी दिवसांत त्यांनी गाव सोडलं नव्हतं. पण बीडला थोरल्या बहिणीनं अंथरूण धरलं, 'केसरला आणा' एवढाच धोशा लावला, म्हणून सुरजनं पुण्याहून ही गाडी भाड्यानं आणली. आईला सवय व्हावी म्हणून आधी दोन दिवस अंगणात उभी केली. आज निघाले, तर परळी सोडल्यावर लाल दिवा लागला. संडासाची टाकी भरली होती. जमीलच्या गॅरेजमागं त्याच्या उकिडव्या संडासाचा खड्डा होता, त्यात ती रिकामी करून मिळत होती. पण दांडी कितीही ओढली तरी टाकीच्या बुडाचा व्हॉल्व्ह सरकेल तर शपथ! आणि केसरबाईंना आता अगदी कळ निघत नव्हती.

बघ्यांना काही आवतण लागत नाही.

"सैपाक बी आतच आन् संडास बी आतच?" शेजारच्या टपरीवरचा धोंडीराम म्हणाला. दोघं-तिघं हसले.

जमीलनं गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "आत काय टाकलंय का? फडकं, कागद?"

"काही नाही," सुरज ठासून म्हणाला. "आईला बजावलं होतं, पाण्याशिवाय काही टाकायचं नाही."

"मग हातोड्यानं ठोकून बघावं लागंल. निघाला तर निघाला."

"आणि फुटला तर?"

"तर गाडी हितंच. आईला जीपनं माघारी न्या."

केसरबाईंचा हात पिशवीवर गेला. पिशवीत राखेचा डबा होता. घरच्या संडासात प्रत्येकानं उठताना मूठभर राख टाकायची, मागच्या माणसाला वास ठेवून जायचं नाही, ही सासूबाईंच्या काळापासूनची रीत. ही गाडी तर लोकाची. सुरजनं बजावलं ते त्यांनी ऐकलंही होतं; पण राख म्हणजे काही घाण नव्हे, असं त्यांच्या मनानं घेतलं. तेव्हा अंगणातही टाकली आणि वाटेतही. आता हे सांगायचं म्हणजे आपण किती वेळा गेलो, तेही चारचौघांत सांगायचं. न सांगावं तर हातोडा.

पहिला घाव बसला. पायाखालची फळी हादरली.

"थांब रं बाबा!"

दाराच्या कडेला धरून केसरबाई उभ्या राहिल्या. दुसऱ्या हातात डबा होता. "राख हाय आत. मीच टाकली. दर खेपंला मूठमूठ."

कुणीतरी फिसकन हसलं. सुरज लालबुंद झाला. "आई! अगं, सांगितलं होतं ना तुला!"

"वास येऊ नये म्हून टाकली."

जमील उठून दारापाशी आला. डब्यात बोटं घालून त्यानं राख चोळून पाहिली. तो हसला नाही. "तुराट्याची दिसती. बारीक हाय, खाचंत बसली आन् घट्ट झाली. मग हातोडा न्हाई, पाणी पायजे."

गाड्या धुवायचा पंप लावून त्यानं खालच्या तोंडातून उलटं पाणी मारलं. थांबला, पुन्हा मारलं. दांडी हलकेच पुढंमागं करत राहिला. करकरत व्हॉल्व्ह एकदाचा मोकळा झाला, तसा घाईनं त्यानं पाइप जोडला. टाकी गडगडत खड्ड्यात रिकामी झाली. लोकांनी नाकं दाबली, पण हलला कुणीच नाही.

"जा आई आता," सुरज खालच्या आवाजात म्हणाला.

केसरबाई पुन्हा खिडकीशी बसल्या होत्या; त्या जागच्या उठल्या नाहीत. मध्ये नुसता पातळ पत्रा. बाहेर सगळे पुरुष, पंपही बंद झालेला, आणि आता पुढं काय होणार हे सगळ्यांना माहीत.

"गाडी माघारी घे."

"अगं, मावशी वाट बघतेय!"

"तिला सांग, न्हाई जमलं." आणि त्यांना रडू आलं.

जमील साबणानं हात धूत होता. त्यानं एकदा खिडकीकडं पाहिलं. मग कडेला दुरुस्तीला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर चढला आणि चावी फिरवली. सायलेन्सर काढून ठेवलेला ट्रॅक्टर. असा काही धडधडला की धोंडीराम कानांवर हात ठेवून टपरीकडं पळाला. धुराच्या लोटानं बाकीचेही पांगले.

"अहो भाई, हा कशाला चालू केला?" सुरज ओरडला.

"बॅटरी उतरती!" गाडीकडं पाठ करून जमील तितक्याच मोठ्यानं ओरडला. "लई दिवस उभा हाय!"

केसरबाईंनी डोळे पुसले, त्या पाठीकडं क्षणभर पाहिलं आणि आत जाऊन कडी लावली.

गाडी बीडच्या रस्त्याला लागून वळणाआड गेली, तरी ट्रॅक्टर चालूच होता.