तेरा आणि चौदा

अठरा उत्तरपत्रिकांवर फुलचंद राठोड सरांनी तीनपैकी तीन गुण दिले. एकोणिसावी निकिता आत्रामची होती. तिथं त्यांचा लाल पेन थांबला.

दहावीच्या पूर्वपरीक्षेतला वर्गसमीकरणाचा प्रश्न: (x − 1)(x − 2) = 12. आतापर्यंत साऱ्यांचं एकच उत्तर होतं, तेरा आणि चौदा. सरांनी शिकवलं होतं तसंच. पहिला कंस बरोबर बारा, दुसरा कंसही बरोबर बारा. निकितानंही तेच लिहिलं होतं. पण त्याच्या वर तिनं आधी काहीतरी वेगळं सोडवलं होतं आणि पट्टी लावून खोडलं होतं. खोडलेलं स्वच्छ वाचता येत होतं. x = 5 किंवा −2. बाजूला पडताळा: 4 × 3 = 12.

सरांनी मनातल्या मनात तेरा टाकून पाहिलं. बारा गुणिले अकरा. एकशे बत्तीस.

पुन्हा गुणलं. एकशे बत्तीसच.

प्रश्नपत्रिकेसोबत आलेलं आदर्श उत्तरांचं पाकीट त्यांनी अजून फोडलंही नव्हतं. आता फोडलं. पाच आणि वजा दोन.

राठोड सर मुळात इतिहासाचे. झरी जामणी तालुक्यातल्या या शाळेत गणिताची जागा दोन वर्षांपासून रिकामी होती. पोरं नुसती बसून राहतात हे बघवेना, म्हणून त्यांनी आपणहून दहावीचा तास मागून घेतला होता. गावी गेलं की पुसदहून गाईड आणायचं, वहीत उतरवायचं, तेच फळ्यावर लिहायचं. गाईडातल्या उदाहरणात उजवीकडे शून्य होतं आणि प्रत्येक कंस बरोबर शून्य असा मांडला होता. मग उजवीकडे सहा असले तर कंस बरोबर सहा असा मांडायचा, असं ते धरून चालले. कुणी अडवलं नाही.

नाही, एकीनं अडवलं होतं. दिवाळीनंतरची गोष्ट. फळ्यावर (x − 2)(x − 3) = 6 होतं आणि खाली उत्तर, आठ आणि नऊ. निकिता उभी राहिली.

"सर, आठ टाकले तर सहा येत नाही. तीस येते."

वर्ग हसला. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मास्तर तू हायेस का मी? तास होईपर्यंत बाहेर उभी राह्य."

ती व्हरांड्यात उभी राहिली. त्यानंतर तिनं कधी काही विचारलं नाही. पोरगी शहाणी झाली, असं तेव्हा सरांना वाटलं होतं.

स्टाफरूममध्ये आत्ता दुसरं कुणी नव्हतं. पूर्वपरीक्षेचे गुण शाळेतच राहतात, बाहेर कोण बघायला येतं? सरांनी आदर्श उत्तरांचा कागद परत पाकिटात घातला. पाकीट कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप घातलं. मग बराच वेळ किल्ली हातात धरून बसले आणि शेवटी शिपायाला हाक मारून निकिताला बोलावून घेतलं.

ती दारात येऊन थांबली.

"आत ये." त्यांनी उत्तरपत्रिका तिच्यापुढे सरकवली. "हे वरचं तूच सोडवलं?"

"हो सर."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. पुस्तकात हाये ना. बारा इकडं आणाचे, मंग एका बाजूनं शून्य राह्यते. शून्य असंल तरच कंस अलग करता येते."

ती इतक्या सहज बोलली, की सरांना क्षणभर आपण बाकावर बसलोय आणि ती फळ्याजवळ उभी आहे असं वाटलं.

"अन् हे बरोबर हाये, हे तुले माहीत होतं?"

"पडताळा केला होता, सर."

"मंग खोडलं काहून?"

निकितानं त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. गाडी किती वाजता आहे ते सांगावं, तसं ती म्हणाली, "पेपर तुमीच तपासणार होते ना."

पुढचा तास दहावीचाच होता. स्टाफरूमपासून वर्गापर्यंत सरांनी एक वाक्य दोनदा जुळवून पाहिलं. वर्गात पाण्याचा घोट घेऊन ते बोलले.

"मी तुमाले चुकीचं शिकवलं. चूक तुमची नाही, माही हाये."

कुणी हसलं नाही. सरांनी समीकरण फळ्यावर मांडलं, बारा डावीकडे आणले, अवयव पाडले, पाच आणि वजा दोन लिहून दोन्हींचा पडताळा केला. पोरांनी वह्या उघडून खाली माना घातल्या आणि मुकाट्यानं उतरवून घेतलं, दिवाळीनंतर ते चुकीचं उतरवून घेतलं होतं तसंच.

मागच्या बाकावरून अमरनं विचारलं, "सर, आमचे तीन मार्क गेले काय मंग?"

"गेले," सर म्हणाले. "निकिताचे राह्यले. माह्या आधी तिनं बरोबर सोडवलं."

सारा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. सरांच्या छातीवरचं ओझं जरा उतरल्यासारखं झालं. आता ती हसेल असं त्यांना वाटलं. ती हसली नाही. तिच्या वहीत दोन्ही उत्तरं होती, तेरा-चौदा आणि खाली पाच, वजा दोन. ती उभी राहिली.

"सर, बोर्डाचा पेपर कोण तपासते?"

"बाहेरगावचे मास्तर. काहून?"

"त्यायले कोणतं चालते?"